प्रतिसाद: ३८१६५४७२९० ला संगणक कशाले पाहिजे?

वर एका भाऊंनी लिहिलंय, ० ते ९ एकेकदाच वापरून पहिले दोन अंक २ ने, पहिले तीन ३ ने, असं दहापर्यंत भाग जाणारी ही एकमेव संख्या संगणकाशिवाय सापडायची नाही. दारव्ह्याकडच्या आमच्या शाळेत सातवीच्या पोट्ट्यांनी ती फळ्यावरच काढली. कापूस वेचणीचे दिवस, वर्ग अर्धा रिकामा, म्हणून वेळही होता.

दहावा अंक ०, पाचवा ५, सम जागी सम अंक. इथवर सोपं. खरी गंमत चौथ्या जागेची. तिसरा अंक विषम, म्हणून ४ ने भाग जायला चौथा २ किंवा ६ च लागतो. आठव्याचंही तेच. मग दुसऱ्या-सहाव्याला उरले ४ आणि ८. चौथा, पाचवा, सहावा मिळून बेरजेला ३ ने भाग जायला हवा. मागून एक पोरगी ओरडली, "सर, मधात २५८ नाहीतर ६५४च बसते!" बस, काम झालं.

उरलेल्या जागा ३ आणि ८ च्या कसोटीने भरल्या की दहाच उमेदवार राहतात. ९ ची चिंताच नको, १ ते ९ ची बेरीज ४५. आता ७ ने भागत बसा, हे तेवढं कंटाळवाणं. एकच टिकतो: ३८१६५४७ = ७ × ५४५२२१.

अंक पुन्हा वापरायची मुभा दिली तर साखळी २५ अंकांपर्यंत जाते: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. पुढे सव्विसावा कोणताही लावा, भाग जात नाही. तिथं मात्र संगणकच बरा.