डिस्चार्जपूर्वी तपशीलवार बिल मागता येते का?

मुलुंडकर:
माझ्या सासऱ्यांची मुलुंडमधील एका खासगी रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली असून उद्या त्यांना घरी सोडणार आहेत. अंतरिम बिलात ‘कॅथलॅब पॅकेज’ (अँजिओप्लास्टी करतात त्या कक्षाचा एकत्रित खर्च) आणि ‘कन्झ्युमेबल्स’ (उपचारात वापरून संपणारे साहित्य) या दोनच ओळींत जवळपास सगळी रक्कम घातली आहे. तपशील विचारला असता, आधी पैसे भरा, मग पाहू, असे उत्तर बिलिंग काउंटरवर मिळाले. आम्ही नेमके काय मागावे?

बिलिंग विभागातील निवृत्त कर्मचारी:
पैसे भरण्यापूर्वीच मागा, आणि तोंडी न मागता लेखी अर्ज देऊन पोच घ्या. शुश्रूषागृह नोंदणीच्या 2021 च्या सुधारित नियमांनुसार राज्यातील खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावे लागते, त्यामुळे त्या फलकाचा मोबाइलवर फोटो काढून बिलातील दर त्याच्याशी ताडून पाहा. स्टेंटच्या, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनी उघडी ठेवण्यासाठी बसवतात त्या जाळीदार नळीच्या, बाबतीत तर टाळाटाळीला जागाच नाही. 2017 पासून स्टेंटची कमाल किंमत सरकार ठरवते आणि त्याची किंमत, ब्रँड, कंपनी व बॅच क्रमांक बिलात स्वतंत्रपणे दाखवणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. म्हणजे ती किंमत ‘पॅकेज’मध्ये मिसळून चालत नाही. स्टेंटच्या वेष्टनावरील स्टिकर केसपेपरवर चिकटवलेला असतो, त्याची प्रत अवश्य घ्या.

वॉर्डातील कार्यकर्ती:
बिलावरून वाद असला तरी रुग्णाला अडवून ठेवता येत नाही, हे काउंटरवर शांतपणे पण ठामपणे सांगा. रुग्णालयाच्या तक्रार निवारण कक्षाने दाद दिली नाही, तर मुलुंडसाठी महापालिकेच्या टी विभागातील वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी.

परळचा वाचक:
रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचे आहे का, हेही आजच विचारा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 एए खालील योजनेत अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला व रेशनकार्ड घेऊन तेथील समाजसेवकांना भेटा. बिल चुकते झाल्यावर सवलत मिळवणे फार अवघड जाते, आणि पात्र असूनही केवळ माहिती नसल्यामुळे कित्येक कुटुंबे दागिने गहाण ठेवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुलुंडकर:
सर्वांचे आभार. रुग्णालय ट्रस्टचे नाही. केसपेपरवर स्टिकर आहे, बिलात मात्र स्टेंटचा उल्लेखच नाही. त्यामुळे लेखी अर्ज देऊन पोच घेतली आहे.