अहवाल 'पिण्यास योग्य' आला म्हणजे पाणी सुरक्षित झालं का?

निर्झर
पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. नमुना घ्या, तपासा, शिक्का मारा, या पद्धतीवर आपण फार विसंबून आहोत. ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारा जीवाणू, त्याची चाचणी लावली की १८ ते २४ तास थांबावं लागतं. प्लेटवर जीवाणूंच्या वसाहती दिसतात तोवर ते पाणी लोक पिऊन मोकळे झालेले असतात. शिवाय बाटलीत येतं १०० मिलिलिटर, टाकीत असतं लाखो लिटर.

एकदा पहाटे टाकीच्या पाण्यात किती क्लोरीन उरलंय ते बघायला गेले होते. क्लोरीन ओळखणारी डीपीडीची गोळी टाकली की पाणी गुलाबी व्हायला हवं. नळी हलवत उभी राहिले, रंग काही येईना. शोधलं तर क्लोरीन सोडणाऱ्या डोसिंग पंपाची नळी चुनखडीने बुजलेली. त्या आठवड्याचा अहवाल 'योग्य' होता! म्हणून भर हवा तो स्रोतापासून नळापर्यंत कुठे काय बिघडू शकतं हे आधी हेरण्यावर, आणि गढूळपणा, क्लोरीन, दाब यांवर सतत लक्ष ठेवण्यावर. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत 'जलसुरक्षा आराखडा' मांडला तो याचसाठी.

कासव
साफ असहमत. आराखडा म्हणजे आणखी एक फाईल. त्यापेक्षा चाचण्या वाढवा. कॅनडातलं वॉकर्टन आठवा, मे २०००. उथळ विहीर, धो धो पाऊस, शेजारच्या शेतातलं शेणखत पाण्यात उतरलं. ७ माणसं गेली, सुमारे २,३०० आजारी पडली. तिथे क्लोरीनची रोजची नोंद होत होतीच की! कर्मचारी न मोजताच वहीत आकडे भरायचे. खरं बोलली ती बाहेरची प्रयोगशाळा. तिने पाणी दूषित असल्याचं कळवलं आणि पाणीपुरवठ्याच्या व्यवस्थापकाने ते आरोग्य खात्यापासून दडवलं. तुम्ही ज्या चाचणीला उशिराची म्हणता, तिनेच खोटं उघडं पाडलं असतं.

निर्झर
कासव, उदाहरण चोख दिलंत, पण ते माझ्याच बाजूचं आहे. प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत दूषित पाणी घराघरांत पोचलं होतं. पुढे झालेल्या न्यायालयीन चौकशीत न्या. ओ'कॉनर यांनी स्पष्ट म्हटलंय की त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं असती तर साथ टळली असती. यंत्र वहीत आकडे बनवत नाही.

आणि अमेरिकेतलं मिलवॉकी, १९९३. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवी जंतूमुळे सुमारे चार लाख लोक आजारी. क्लोरीन होतं, पण या जंतूच्या कवचापुढे त्याचं काही चालत नाही. कोलिफॉर्मच्या, म्हणजे ई. कोलाय ज्यात मोडतो त्या जीवाणूंच्या, चाचण्याही ठीक येत होत्या. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा मात्र वाढला होता. इशारा तिथे होता, बाटलीत नव्हता.

ओंजळ
मला एक कळत नाही, खोल विहिरीचं स्वच्छ पाणी असताना त्यात क्लोरीन कशाला? नेदरलँड्समध्ये नळाच्या पाण्यात क्लोरीन घालत नाहीत. लोक मजेत पितात.

कासव
इथे मी निर्झर यांच्या बाजूने. तिथल्या जलवाहिन्यांची गळती अगदी कमी, दाब चोवीस तास, शिवाय शुद्धीकरणाचे अनेक टप्पे. नुसतं क्लोरीन काढून टाकलं एवढाच भाग उचलून कसं चालेल? न्यूझीलंडच्या हॅवलॉक नॉर्थमध्ये २०१६ साली हाच विश्वास होता, भूजल शुद्धच असतं. जोराचा पाऊस झाला, मेंढ्यांची विष्ठा विहिरीच्या पाण्यात गेली, हजारो लोक आजारी पडले.

शेवटचा_नळ
तुम्ही दोघं टाकीपाशीच भांडताय. आमच्याकडे पाणी ठरावीक वेळ येतं. तोटी उघडली की आधी हवेचा फुसफुस आवाज, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ. पुरवठा बंद असताना पाइपात दाब राहत नाही, शेजारून गटार जात असेल तर फटीतून ते आत ओढलं जातं. टाकीवर कितीही गुलाबी रंग येऊ दे. आधी पाइप बदला, मग आराखडे करा.

निर्झर
पटलं. पण कुठला पाइप आधी बदलायचा हे ठरवण्यासाठीच तो आराखडा लागतो. दाब कुठे पडतो, गटार कुठे जवळ आहे, शेवटच्या नळाला क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली कधी जातं, हे नकाशावर आलं की पैसा योग्य जागी पडतो.

कासव
मग त्या आराखड्यात एक अट घाला, तरच मी मान्य करीन. यंत्राचा इशारा आणि प्रयोगशाळेचा निकाल पाणीपुरवठावाल्यांना मिळेल त्याच क्षणी आरोग्य अधिकाऱ्यालाही मिळाला पाहिजे. मधे कुणाच्या टेबलावर अडायला नको.

निर्झर
ही अट मला मान्य. चाचण्या वाढवा हे मात्र अजूनही नाही. तेवढ्या पैशात शेवटच्या नळांवर क्लोरीन मोजायला माणसं नेमा.

कासव
आणि त्या माणसांवर लक्ष कोण ठेवणार? म्हणूनच म्हणतो, बाहेरची प्रयोगशाळा हवीच.