अंबडमधली क्वालिटीची नोकरी सोडून द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये जाता येईल का?

गेजवाला_अंबड
नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. डिप्लोमा मेकॅनिकल. इनकमिंग इन्स्पेक्शनपासून सुरुवात केली, आता कस्टमर कम्प्लेंट, एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय लिहायचा अहवाल), सप्लायर ऑडिट, कॅलिब्रेशन (मापाची साधनं बरोबर दाखवतात का ते तपासणं) सगळं बघतो. आमची लाइन परराज्यातल्या प्लँटला हलवायचं चाललंय. मला नाशिक सोडायचं नाही, आई-वडील सिडकोत आहेत, मुलगी नववीत. दिंडोरी-पिंपळगावकडच्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे द्राक्ष निवडून पॅक करतात तिथे, क्वालिटीच्या जागा निघतात, पण जाहिरातीत फूड टेक नाहीतर बीएस्सी अ‍ॅग्री मागतात. एका ठिकाणी फोन केला तर ‘लोखंडातला माणूस द्राक्षात काय करणार?’ असं ऐकून घ्यावं लागलं. इतक्या वर्षांच्या कामाचा खरंच काही उपयोग नाही का? कोणी असं गेलंय का?

निफाडचा_बागाईतदार
दादा, माल देणारा म्हणून सांगतो. पॅकहाऊसचा माणूस बागेत आला की त्याची डिग्री आम्ही विचारत नाही. फवारणीची वही वाचता येते का, आणि माल नाकारला तर कारण तोंडावर सांगतो का, एवढंच बघतो. कारण न सांगता गाडी परत पाठवणारे लई भेटले.

कादवाकाठची
दादा, मी गेलेय. सातपूरला स्विचगिअरच्या कारखान्यात क्वालिटीला होते, आता दिंडोरी तालुक्यात एक्सपोर्टचं पॅकहाऊस बघते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमचं सगळ्यात मोठं भांडवल ट्रेसेबिलिटी आहे, म्हणजे मालाचा माग मुळापर्यंत काढणं. तुम्ही कास्टिंगच्या हीट नंबरवरून (धातू वितळवलेल्या खेपेच्या नंबरवरून) मागे जाता ना? इथे अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची, ग्रेपनेट प्रणाली आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा प्लॉट आधी नोंदवलेला असतो, त्याच्या नोंदणी क्रमांकावरून पॅलेटपासून थेट बागेपर्यंत जाता येतं. युरोपातल्या रॉटरडॅम बंदरातून तक्रार आली की प्रश्न तुमच्या ओळखीचेच असतात: कुठला प्लॉट, तोडणी कधीची, त्याच दिवशीचा बाकीचा माल कुठे आहे. आमच्याकडे शेतीतलं शिकलेली हुशार मुलं आहेत. पण तक्रारीच्या ईमेलला चोवीस तासांत पुराव्यासकट उत्तर लिहायची सवय मला कारखान्यानेच लावली.

एफएमईएसुद्धा (काय बिघडू शकतं ते आधीच शोधायची पद्धत) इथे जिवंत आहे. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या रेसिड्यूमुळे, म्हणजे मालात उरलेल्या अंशामुळे, आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. बागाईतदार त्याला सीसीसी म्हणतात, छाटणीनंतर वेलीची वाढ रोखायला वापरायचे. भल्याभल्यांचं कंबरडं मोडलं त्या वर्षी. ‘आपण जे तपासतच नाही, त्यातून काय बिघडू शकतं?’ हा प्रश्न विचारणारा माणूस पॅकहाऊसला हवाच असतो, आणि तुमची तर त्यात हयात गेली आहे.

आता जे जमणार नाही तेही सांगते. शाफ्टचं माप शनिवारी घेतलं तरी सोमवारी तेच राहतं. घड तोडला की तासागणिक देठ सुकतो. सकाळच्या गारव्यात तोडणी, लगेच प्री-कूलिंग, मण्याचं तापमान चार अंशांच्या आसपास आल्यावरच पुढे कोल्ड स्टोरेज. मधे गाडी उन्हात थांबली तर रिवर्क (परत दुरुस्त करणं) नाही, काहीच नाही. रेसिड्यू तर कुठल्याच गेजवर दिसत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागेत काय फवारलं आणि शेवटच्या फवारणीनंतर तोडणीपर्यंत किती दिवस सोडले, त्यावर ते ठरतं. जानेवारीत टेबलाशी उभं राहून तुम्ही फक्त निवड करता. म्हणून सप्लायर ऑडिट करणारा माणूस इथे टिकतो, नुसता इन्स्पेक्टर टिकत नाही. आधी औषधांची लेबलं वाचायला शिका, ब्रिक्स (द्राक्षातली साखर) मोजायला शिका, आणि या निफाडच्या दादांसारख्या चार माणसांच्या बांधावर जाऊन बसा.

बायोडेटात पीपीएपी, आयएटीएफ असले ऑटो उद्योगातले शब्द नुसते लिहू नका, तिथे ते कोणी वाचत नाही. काय केलं ते साध्या मराठीत लिहा. तक्रार आल्यापासून मूळ कारण सापडेपर्यंतचं एखादं काम घ्या, ग्राहकाचं आणि कंपनीचं नाव काढून टाका, आणि मुलाखतीत तेच समोर ठेवा. मला त्यावरच घेतलं.

सिन्नर_शिफ्ट
ताई, पण हे काम चार महिन्यांचं ना? मे महिन्यात काय करतात लोक?

कादवाकाठची
बरोबर विचारलंत. जानेवारी ते एप्रिल धावपळ, पुढे बऱ्याच ठिकाणी हंगामी माणसं कमी करतात. म्हणून मुलाखतीत सरळ विचारायचं, वर्षभर काय चालतं? डाळिंब, भाजीपाला, फ्रोजन असं काही असेल तर नोकरी बारमाही. सुरुवातीला पगार कमी मिळतो, त्याची घरात आधीच बोलणी करून ठेवा.

गेजवाला_अंबड
ताई, दादा, मनापासून आभार. फोन ठेवल्यापासून मन खट्टू झालं होतं. एकच विचारतो. पॅकहाऊसमधले काटे, थर्मामीटर, कोल्ड रूमचे सेन्सर यांचं कॅलिब्रेशन कोण बघतं? आणि अर्ज कधी टाकू?

कादवाकाठची
बहुतेक ठिकाणी बाहेरची एजन्सी येऊन सर्टिफिकेट देते, पण रोजची पडताळणी कोणी मनावर घेत नाही. मुलाखतीत हा विषय तुम्हीच काढा. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात टाका, छाटणीच्या आधी. जानेवारीत कोणाला फोन उचलायलाही वेळ नसतो. तोवर हॅसेपचा (अन्नातले धोके ओळखून आवरायची पद्धत) आणि आयएसओ 22000 या अन्नसुरक्षेच्या मानकाच्या इंटर्नल ऑडिटरचा कोर्स करून घ्या. तुम्ही ऑडिट केलेली आहेत, जड जाणार नाही.

निफाडचा_बागाईतदार
आणि बाग बघायची असेल तर या रविवारी या. मेसेज टाका, पत्ता देतो. फवारणीच्या दोन हंगामांच्या वह्या काढून ठेवतो.