हातातील कन्सोलवरचे खेळ टीव्हीवर खेळता येतील का?

धरमपेठकर (नागपूर) यांचा प्रश्न

आमच्या घरी सोनीचे एक जुने पीएसपी आहे आणि भाच्याकडे निन्टेन्डोचे स्विच लाइट आहे; दोन्ही हातात धरून खेळायची कन्सोल. चाळिशी लागल्यापासून पीएसपीच्या ४.३ इंची पडद्यावरची बारीक अक्षरे वाचताना माझ्या डोळ्यांना फार ताण पडतो. त्यामुळे ज्या खेळांत संवाद वाचल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, ते माझे अत्यंत आवडते खेळ अर्धवट राहिले आहेत. दिवाळीत भाचा नागपूरला येणार आहे, तेव्हा दोन्ही कन्सोल बैठकीतल्या ३२ इंची टीव्हीला जोडावेत असा विचार आहे. टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या दोन जागा आहेत आणि ‘एव्ही’ असे लिहिलेले एकच गोल छिद्र आहे. बर्डीवरच्या एका दुकानात टाइप-सी ते एचडीएमआय असा अडॅप्टर दाखवून स्विच लाइट त्याने लगेच टीव्हीवर दिसेल, असे मला सांगण्यात आले. पैसे खर्च करण्यापूर्वी हे खरोखर शक्य आहे का, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

सदर_टीव्ही_दुरुस्ती यांचे उत्तर

तो अडॅप्टर कृपया घेऊ नका. २०१७ सालच्या मूळ स्विचमध्ये टाइप-सी जागेतून चित्र बाहेर देण्याची सोय आहे, म्हणून ते डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या त्याच्या बैठकीत, ठेवले की टीव्हीवर दिसते. २०१९ साली आलेले स्विच लाइट केवळ हातात धरून खेळण्यासाठी बनवले असल्यामुळे ही सोय त्यात ठेवलेलीच नाही. छिद्राचा आकार तोच दिसला तरी त्यातून चित्राचा संकेत बाहेर येत नाही, आणि जो संकेत यंत्रातून निघतच नाही तो कोणतीही वायर किंवा डॉक निर्माण करू शकत नाही. गिऱ्हाइकाला हे विक्रीच्या वेळीच स्पष्ट सांगितले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

पीएसपीच्या बाबतीत आशा आहे, मात्र सगळे मॉडेलवर अवलंबून आहे. १००० या पहिल्या मालिकेत टीव्हीसाठी जोडणी नाही. २००७ च्या २००० मालिकेत ती आली; पण तिच्यात खेळांचे चित्र फक्त कंपोनंट वायरीतून, म्हणजे चित्रासाठी हिरवा, निळा व लाल असे तीन प्लग असणाऱ्या वायरीतून मिळते. पिवळ्या प्लगच्या साध्या कंपोझिट वायरीने चित्रफिती दिसतील, खेळ दिसणार नाहीत. २००८ च्या ३००० मालिकेत खेळही कंपोझिट वायरीने टीव्हीवर येतात. तुमच्या टीव्हीचे एव्ही छिद्र बहुधा कंपोझिटच घेणारे असेल, म्हणून यंत्रावरचा मॉडेल क्रमांक पाहून कळवा. २००० मालिकेचे यंत्र निघाले, तर कंपोनंट वायर आणि कंपोनंटचे एचडीएमआय करणारा, वेगळा वीजपुरवठा लागणारा कन्व्हर्टर घ्यावा लागेल. बाजारात सर्वत्र मिळणारा पिवळ्या प्लगचा स्वस्त कन्व्हर्टर तेथे उपयोगाचा नाही.

जुने_खेळ_नवा_पडदा यांचे उत्तर

वरील माहिती बरोबर आहे. मी चित्राविषयी लिहितो, कारण प्रश्नकर्त्याची खरी अडचण अक्षरे वाचण्याची आहे. पीएसपीचा पडदा ४८० बाय २७२ बिंदूंचा आहे. वायरीने जोडल्यावर खेळाचे चित्र ७२० बाय ४८० बिंदूंच्या चौकटीत मोठे न होता मध्यभागी बसते आणि चारही बाजूंना काळी पट्टी राहते. हिशेब केला तर चौकटीचे जेमतेम ३८ टक्के क्षेत्रफळ खेळाच्या वाट्याला येते. टीव्हीच्या रिमोटवरील झूमने ते मोठे करता येते, पण त्याने तपशील वाढत नाही, कडा मात्र मऊ पडतात. तरीही ४.३ इंचांच्या तुलनेत अक्षरे कितीतरी मोठी दिसतील, आणि संवादप्रधान खेळांसाठी एवढे पुरेसे आहे असे माझे मत आहे.

शर्यतीच्या किंवा मारामारीच्या खेळांविषयी मी एवढ्या खात्रीने सांगणार नाही. सेकंदाला ६० चौकटी, म्हणजे एकामागून एक दिसणारी ६० चित्रे, धरल्या तर एक चौकट सुमारे १७ मिलिसेकंदांची होते, आणि जुना संकेत स्वतःच्या पडद्याजोगा करून घेताना टीव्ही अशा काही चौकटींचा उशीर सहज लावतो, जो बटण दाबताना बोटांना जाणवतो. टीव्हीत हा उशीर कमी करणारा गेम मोड असल्यास तो अवश्य सुरू करावा.

दुसरा मार्ग पीएसपीचे खेळ दुसऱ्या यंत्रावर चालवणाऱ्या पीपीएसएसपीपी या मुक्त प्रणालीचा आहे. ती संगणकावर चालते, संगणक एचडीएमआयने टीव्हीला जोडता येतो, आणि मुख्य म्हणजे ती त्रिमितीय खेळांचे चित्र अधिक बिंदूंमध्ये नव्याने रेखाटते. मूळ चित्राची लांबी आणि रुंदी प्रत्येकी चौपट केली तर १९२० बाय १०८८ बिंदू होतात. फुल एचडी टीव्हीशी हे माप जवळजवळ तंतोतंत जुळते. पीएसपीच्या मेमरी स्टिकवरील, खेळांची प्रगती साठवणारे सेव्हडेटा हे फोल्डर तिकडे नेल्यास, खेळाची आवृत्ती तीच असेल तर, अर्धवट राहिलेला खेळ तेथूनच पुढे नेता येतो. खेळांच्या प्रती मात्र स्वतःच्या डिस्कवरूनच काढाव्यात. इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रती वापरा, असे मी कोणालाही सुचवणार नाही.

धरमपेठकर यांचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. यंत्रावर ३००४ असा क्रमांक आहे, म्हणजे ते ३००० मालिकेचे आहे, त्यामुळे कंपोझिट वायरच घेतो. आणखी एक शंका आहे. शेजाऱ्यांकडे डॉकसह मूळ स्विच आहे आणि ते दिवाळीत द्यायला तयार आहेत. भाच्याने आपले गेम कार्ड त्यात घातले, तर त्याचा खेळ पूर्वीच्या टप्प्यावरून सुरू होईल का?

सदर_टीव्ही_दुरुस्ती यांचे उत्तर

कार्ड चालेल, पण खेळ पहिल्यापासून सुरू होईल, कारण स्विचमधील प्रगती कार्डावर किंवा मेमरी कार्डावर साठत नसून यंत्राच्या आतील साठवणीत राहते. भाच्याचे निन्टेन्डो खाते शेजाऱ्यांच्या यंत्रावर जोडून सेव्ह डेटा, म्हणजे ही साठवलेली प्रगती, एका यंत्रातून दुसऱ्यात हलवता येतो. तो हलवला की लाइटमधून निघून जातो, म्हणून भाचा परत जाण्यापूर्वी तो आठवणीने पुन्हा लाइटमध्ये आणून ठेवावा. मुलांचा महिनोन्‌महिन्यांचा खेळ असा दुसऱ्याच्या घरी अडकू नये.

पीएसपीची वायर घेताना टीव्हीच्या गोल छिद्रासाठी लागणारी छोटी जोडवायर आधी टीव्हीच्या खोक्यात शोधा. बाहेरून घेतलेल्या जोडवायरीत चित्र आणि आवाज यांचा क्रम वेगळा असू शकतो. पडद्यावर काहीच न येता स्पीकरमधून घरघर ऐकू आली, तर पिवळा प्लग लाल किंवा पांढऱ्या जागी लावून पाहा. टीव्हीवर एव्ही निवडल्यानंतर पीएसपीचे पडद्याच्या उजेडाचे बटण पाच सेकंदांहून अधिक दाबून धरले की चित्र टीव्हीवर जाते.