सक्तीनं शिकलेला समाज शिकला म्हणायचा का?

दांडियाबाजारकर: आपल्या बडोद्याचंच घ्या. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण करून पाहिलं, १९०६ मध्ये राज्यभर लागू केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड. माझं मत सरळ आहे. एकटा माणूस गरजेपुरतं शिकतो. समाज शिकतो तो न शिकणं महाग पडायला लागल्यावर. गोडीगुलाबीनं आणखी दोन पिढ्या गेल्या असत्या.

रावपुरा: साफ असहमत. दंड बसायचा कुणाला? पेरणीच्या दिवसांत ज्याला पोराचे हात हवे असत, त्याला. त्या घरात बियाण्याची पारख, बैलाची नड, पावसाचा अंदाज हे सगळं बघून बघून शिकलं जातच होतं. दरबारानं ते शिक्षणात धरलं नाही, एवढंच. मुलींची सक्ती तर दहाव्या वर्षीच संपायची, मुलग्यांची बाराव्या. घरात छापील कागद नसेल तर गिरवलेली अक्षरं किती दिवस टिकणार? 'समाज शिकला' ही हजेरीपटाची भाषा झाली.

मांडवीची सून: म्हणून तर १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना आणून ग्रंथालयं उभारली ना! पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरायच्या. एक उपाय पुरत नाही म्हटल्यावर त्याला दुसरा जोडायचा, समाजाचं शिकणं मी यालाच म्हणते. आणि रावपुराभाऊ, पेटी न उघडणाऱ्याला दंड नव्हता हं.

दांडियाबाजारकर: पण पेटीतलं वाचणारा आला कुठून? सक्तीच्या शाळेतूनच. खुद्द महाराज बघा. कवळाण्याच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळराव १८७५ मध्ये राजघराण्यात दत्तक आला आणि पुढे इंग्रज शिक्षक इलियटसाहेबांसमोर अभ्यासाला बसवला गेला. त्याची मर्जी कोण विचारत होतं?

रावपुरा: प्रत्येक पोरामागे एक इलियट द्या, मीही सक्तीच्या बाजूनं हात वर करतो! खेड्यातल्या पोराला वर्गात एकच मास्तर मिळायचा, तोही सगळ्यांत वाटून. उलट १८९० चं कलाभवन, म्हणजे बडोद्याची हुन्नर शिकवणारी शाळा, पाहा. प्रा. गज्जरांनी रंगाईसारखी कामं मातृभाषेतून शिकवायला घेतली. तिथं कुणाला धरून आणावं लागलं नाही, कारण शिकलेल्याचा दुसऱ्या दिवशी उपयोग होता.

कारेलीबागवाला: उपयोगाचंच म्हणाल तर आमच्या घरात चौथी पिढी मराठी बोलते, पण वाचत नाही. गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी. मराठी वाचता आलं नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. रावपुरा, तुमच्या हिशेबानं हे ठीकच म्हणायचं?

रावपुरा: ठीक नाही. पण दंड लावून पाहा, वसुलीला दांडियाबाजारकर येतील.