लॉग डिलीट केला, तरी डिस्क भरलेलीच!

प्रश्न: जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकून एनजिनएक्स हा वेब सर्व्हर चालवतोय. सकाळपासून साइट ५०० एरर देतेय, डेटाबेस लिहायलाच तयार नाही. 'डीएफ' (डिस्कची भरलेली जागा सांगणारी कमांड) म्हणतं डिस्क १०० टक्के. ॲक्सेस लॉग (साइटला आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद) अवाढव्य झाला होता, तो 'आरएम' या डिलीट कमांडने उडवला. आकडा तसूभर हलला नाही! फाइलींच्या आकाराची बेरीज करणारं 'डीयू' मात्र निम्मीच जागा वापरात दाखवतं. खरं कोण बोलतंय?

उत्तर: दोघंही. गेलंय ते फाइलचं नाव, फाइल नव्हे. एनजिनएक्सने ती उघडी धरलीय आणि शेवटचं हँडल (उघड्या फाइलवरची प्रोग्रामची पकड) बंद होईपर्यंत लिनक्स जागा सोडत नाही. डीयू नावांवरून मोजतं, डीएफ थेट फाइलसिस्टिमला विचारतं, म्हणून हिशेब जुळत नाही. 'एलएसओएफ +एल१' (नाव गेलेल्या पण अजून उघड्या फाइली दाखवणारी कमांड) चालवा, हे भूत यादीत दिसेल. मग एनजिनएक्सच्या मास्टर म्हणजे मुख्य प्रोसेसला यूएसआर१ सिग्नल (लॉग पुन्हा उघडण्याची खूण) द्या. लॉग नव्याने उघडतो, साइट बंद करावी लागत नाही. यापुढे आरएमऐवजी 'ट्रंकेट' वापरा, ते फाइल न उडवता आतून रिकामी करतं. रीबूटनेही सुटेल म्हणा, पण मग कळणार काय?

दुसरं उत्तर: लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप बाजूला काढून हटवणारा प्रोग्राम) तपासलंत? त्याची डेबियनमधली तयार सेटिंग फाइल फक्त व्हार-लॉग-एनजिनएक्स फोल्डरमधले, डॉट लॉगने संपणारे लॉग फिरवते. तुमचा दुसरीकडे असेल तर त्याला कुणी वाली नाही.

प्रश्नकर्ता: सिग्नल दिला, जागा लगेच मोकळी! लॉग होम फोल्डरमध्येच होता. आता बघतोय तर निम्म्या ओळी वर्डप्रेसचं (साइट बनवायच्या सॉफ्टवेअरचं) लॉगिन पान शोधणाऱ्या बॉटच्या. माझ्याकडे वर्डप्रेस नाहीच!