विषय: अप्पांच्या पुस्तकाचे डॉलर मिळणार का?

उदगीर (सध्या न्यू जर्सी)
नोव्हेंबर २०२५

मंडळी, नमस्कार.

काल रात्री उदगीरहून दादाचा फोन आला. त्याच्या व्हॉट्सॲपवर फिरायलंय की एका एआय कंपनीनं लेखकांची पुस्तकं चोरली, कोर्टानं दंड ठोकला आणि आता पुस्तकामागं तीन हजार डॉलर मिळणार. खाली कुणाचा तरी नंबर: "फॉर्म भरून देतो, फी पाच हजार." दादा म्हणतो, आपल्या घरात दोन पुस्तकं आहेत, अप्पांचं एक आणि वहिनींचं एक. दहा हजार गेले तरी काय बिघडतं?

अप्पांचं पुस्तक जात्यावरच्या ओव्यांचं. १९८८ साली लातूरच्या एका छापखान्यात पदरचे पैसे घालून पाचशे प्रती काढल्या होत्या. वहिनींचं इंग्रजीत आहे, कोरडवाहू शेतीवर, २०१३ साली परदेशी प्रकाशकानं काढलेलं.

मी रात्री दीडपर्यंत शोधत बसले आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या कॅटलॉगमध्ये अप्पांचं नाव सापडलं! खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे अमेरिकेत नोंद आहे, हो ना?

---

परभणी (सध्या टोरंटो)

उदगीरताई, आधी दादांना फोन लावा आणि सांगा, एक रुपया द्यायचा नाही. यादीत नाव बघायला पैसे लागत नाहीत, दावा करायलाही नाहीत. सेटलमेंटच्या, म्हणजे कंपनी आणि लेखकांत झालेल्या तडजोडीच्या, अधिकृत संकेतस्थळावर दोन्ही कामं फुकट होतात.

आता मूळ गोष्ट. कोर्टानं दंड केलेला नाही. लेखकांनी अँथ्रॉपिक या एआय कंपनीवर सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात दावा लावला होता. जून २०२५ मध्ये न्यायमूर्ती विल्यम ऑल्सप म्हणाले की पुस्तकांवर एआयला शिकवणं हा 'फेअर यूज', म्हणजे परवानगीशिवाय चालणारा रास्त वापर, पण पायरेटेड साइटवरून प्रती उतरवून साठा करणं त्यात बसत नाही. या दुसऱ्या मुद्द्यावर खटला चालायच्या आत कंपनीनं दीडशे कोटी डॉलरवर तडजोड केली. सप्टेंबरमध्ये कोर्टानं तिला प्राथमिक मंजुरी दिली. पुस्तकामागं साधारण तीन हजार डॉलर हा आकडा तिथून आला, आणि त्यातूनही वकिलांची फी जायची आहे.

उतरवलेल्या प्रती सत्तर लाखांच्या वर होत्या. सेटलमेंटच्या यादीत पुस्तकं आहेत सुमारे ४ लाख ८२ हजार. बाकीची गळाली ती चाळणीत. पुस्तक लिबजेन किंवा पायरेट लायब्ररी मिरर या पायरेटेड साइटवरून उतरवलेल्या त्या साठ्यात हवं. त्याला आयएसबीएन किंवा ॲमेझॉनचा एएसआयएन क्रमांक हवा. आणि अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसात त्याची नोंदणी हवी, तीही प्रकाशनापासून पाच वर्षांच्या आत, शिवाय कंपनीनं ते उतरवण्याआधी किंवा प्रकाशनानंतर तीन महिन्यांत झालेली.

आपली माणसं अडकतात ती इथं. आयएसबीएन म्हणजे नोंदणी नव्हे. तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो आणि पुस्तकाचा नुसता ओळखक्रमांक असतो. भारतातल्या कॉपीराइट ऑफिसात नोंदणी केली असेल तर तीही इथं कामाची नाही.

आणि ताई, तुमचं मन मोडायचं जिवावर येतंय, पण लायब्ररीचा कॅटलॉग वेगळा, कॉपीराइटची नोंदवही वेगळी. दोन्ही एकाच संस्थेत आहेत म्हणून घोटाळा होतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं १९६२ मध्ये दिल्लीत ऑफिस उघडलं आणि तेव्हापासून आपल्या भाषांमधली पुस्तकं विकत घेतली. सुरुवातीचा पैसा कुठला? पी.एल. ४८० च्या गव्हाचा! आपल्याकडं आलेल्या अमेरिकन गव्हाचे जे रुपये साठले, त्यातून ही खरेदी व्हायची. अप्पांचं पुस्तक कुणीतरी निवडून, पैसे मोजून वॉशिंग्टनला नेलं आहे, हे काही कमी नाही. पण ती खरेदी झाली, नोंदणी नाही.

---

जालना (सध्या लंडन)

परभणीकाका, हे म्हणजे लेकराला जेवायला बोलवायचं आणि पाटावर बसताना रेशनकार्ड मागायचं. कायदा तर म्हणतो की लिहिलं की कॉपीराइट झाला, नोंदणीची सक्ती नाही. मग आमच्या मामांचं पुस्तक का नाही? 'द अटलांटिक' या अमेरिकन मासिकानं मार्चमध्ये लिबजेन चाळायची सोय केली होती, तिथं त्यांचं नाव मला स्वच्छ दिसलं.

---

परभणी

जालना, तुझा राग रास्त आहे. हक्क मामांचाच आहे, तो कुणी नाकारलेला नाही. पण अमेरिकन कायद्यात प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करता ठरावीक भरपाई मागायची असेल, तर वेळेत तिथली नोंदणी लागते, लेखक कुठलाही असो. वकिलांनी रेघ तिथंच ओढली. लिबजेनमध्ये नाव दिसणं ही फक्त पहिली पायरी.

२००८ ची गुगल बुक्सची सेटलमेंट आठवते? गुगलनं पुस्तकं स्कॅन केली म्हणून लावलेल्या दाव्यातली? आधी सगळ्या जगाची पुस्तकं त्यात होती. मग २००९ च्या सुधारित मसुद्यात अमेरिकेत नोंदलेली आणि ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात निघालेली तेवढी उरली. मी तेव्हा आमच्या मंडळात त्यावर तासभर बोललो होतो, चहा गार होईस्तोवर. २०११ मध्ये न्यायमूर्ती डेनी चिन यांनी अख्खी सेटलमेंटच फेटाळली. माझं भाषण वाया.

उदगीरताई, वहिनींचं पुस्तक मात्र नीट बघा. परदेशी प्रकाशक पुष्कळदा नोंदणी स्वतःच करून टाकतात आणि लेखकाला पत्ता नसतो. आधी यादीत शोधा. मग खात्रीसाठी कॉपीराइट ऑफिसचा कॅटलॉग बघा. १९७८ पासूनच्या नोंदी ऑनलाइन आहेत, आणि पुस्तकांचे क्रमांक 'टीएक्स'नं सुरू होतात.

---

उदगीर

काका, बघितलं.

वहिनींनी घरातल्या प्रतीवरचा आयएसबीएन पाठवला, ९७८-९३ नं सुरू होणारा. तो टाकला तर काहीच येईना. दादा म्हणाला, झालं, मिटलं. मग लक्षात आलं की ही भारतात निघालेली स्वस्त आवृत्ती आहे. नुसतं शीर्षक आणि आडनाव टाकलं. आडनावात एक 'ए' कमी केल्यावर सापडलं! परदेशी आवृत्तीचा क्रमांक, प्रकाशकाचं नाव, सगळं जुळतंय. 'टीएक्स' नोंदही आहे, प्रकाशनानंतर चार महिन्यांची.

अप्पांचं नाही. आयएसबीएनच नव्हता, तर पुढचं कशाला बोला. पण दादानं कपाटातून प्रत काढून आतल्या पानाचा फोटो पाठवला. किंमत दहा रुपये, त्यावर वाळवीचं एक भोक, आणि खाली "सर्व हक्क सौ. आई यांचे स्वाधीन". म्हणजे छापलंय आईचं पूर्ण नाव, मी इथं आई लिहिते. आईला फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाली, "ओव्या म्या म्हणल्या, यांनी नुसत्या उतरून घेतल्या. हक्क कुणाचा लावतील मग?"

---

परभणी

आई बरोबर बोलायल्यात. तशा ओव्या कुणाच्याच मालकीच्या नसतात. त्यांची निवड, मांडणी आणि प्रस्तावना एवढ्यावर अप्पांचा हक्क. भारतीय कायद्यानं हक्क दुसऱ्याच्या नावे करायला सही केलेला कागद लागतो, पण आईंच्या बाबतीत त्यावरून भांडायला कोण येणार आहे? अप्पांच्या पश्चात साठ वर्षं हक्क घरातच आहे. प्रत जपून स्कॅन करा, कणा मोडू देऊ नका.

वहिनींना सांगा की मुदत मार्च २०२६ पर्यंतच आहे. आणि प्रकाशकाशी झालेला करार शोधायला लावा. साध्या पुस्तकांना आणि विद्यापीठांच्या प्रकाशनांना लेखक-प्रकाशक निम्मेनिम्मे धरलंय, पण शैक्षणिक पुस्तकाला करारात काय लिहिलंय ते बघतात. पुस्तकाचे हक्क लेखकाकडं परत आलेले असतील तर गोष्ट आणखी वेगळी.

---

उदगीर

करार ट्रंकेत आहे म्हणतात. ट्रंकेची किल्ली दादाच्या करगोट्याला, आणि दादा हरभऱ्याला पाणी द्यायला शेतात गेलाय. रात्रपाळीची लाइट आहे, उद्या सकाळीच येईल.